ओझूचे सहा चित्रपट, तीन दिवस, एक पडदा

यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे त्याच्या निवडक चित्रपटांचा महोत्सव, लावायचा म्हटलं की कमिटीत कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, हा तरी सोपा. कॅमेरा हलत नाही, आवाज साधा, मारामारी नाही." प्रत्यक्षात दाखवायला सगळ्यात अवघड दिग्दर्शकांत ओझूचा नंबर वरचा आहे. कुरोसावाच्या लढाईत फोकस किंचित गेला तर कुणाला कळत नाही. ओझूच्या रिकाम्या खोलीत मात्र पडद्यावरचा डागसुद्धा दिसतो. आमच्या फिल्म सोसायटीने शुक्रवार ते रविवार असे सहा चित्रपट लावले, त्याचा हा तपशील आहे. पुढे कुणाला लावायचे असतील तर उपयोगी पडेल.

आधी निवड. ओझूने १९२७ ते १९६२ या काळात पन्नासहून अधिक चित्रपट केले, त्यातले बरेच मूकपट आता अस्तित्वातच नाहीत. १९२७ सालचा पहिला चित्रपटही त्यांतच गेला. उरलेल्यांतून आम्ही हे घेतले: 'उमारेते वा मिता केरेदो' (१९३२, मूकपट, सुमारे ९० मिनिटं), 'लेट स्प्रिंग' (१९४९, १०८), 'अर्ली समर' (१९५१, १२५), 'टोकियो स्टोरी' (१९५३, १३६), 'ओहायो' (१९५९, ९४) आणि 'सान्मा नो आजी' (१९६२, ११३). एकूण ६६६ मिनिटं, म्हणजे अकरा तासांच्या वर. रोज दोन खेळ आणि मध्ये पाऊण तास, यापेक्षा जास्त लोकांना झेपत नाही.

क्रम सालवार लावू नये असं आमचं ठाम मत झालं आहे. शुक्रवारी १९३२ चा मूकपट आणि लगेच 'ओहायो'. दोन्हींत दोन भाऊ मोठ्यांवर रुसतात. पहिल्यात जेवण सोडतात, दुसऱ्यात टीव्ही हवा म्हणून मौन धरतात. प्रेक्षक हसत आत येतो आणि पुढच्या दोन दिवसांच्या संथपणाला तयार होतो. शनिवारी 'लेट स्प्रिंग' आणि 'अर्ली समर', रविवारी सकाळी 'टोकियो स्टोरी', संध्याकाळी 'सान्मा नो आजी'. पहिल्याच संध्याकाळी 'टोकियो स्टोरी' लावली तर उरलेले खेळ त्याच्या सावलीत जातात आणि रविवारी खुर्च्या रिकाम्या राहतात.

पत्रव्यवहार करताना इंग्रजी नावांवर विसंबू नका. लेट स्प्रिंग, अर्ली स्प्रिंग, अर्ली समर, लेट ऑटम, एंड ऑफ समर, ऑटम आफ्टरनून: हे सहा वेगवेगळे चित्रपट आहेत आणि ऑर्डर देताना घोळ होतोच. 'एंड ऑफ समर'चं मूळ नाव 'कोहायागावा घराण्याचा शरद' असं आहे, म्हणजे ऋतूच बदललेला. 'अर्ली समर'चं मूळ नाव 'बाकुशू', म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी रब्बी पिकाची सुगी. 'ऑटम आफ्टरनून'चं मूळ नाव 'सान्मा नो आजी', म्हणजे 'सान्मा माशाची चव'. चित्रपटात सान्मा कुठेच नाही, म्हाताऱ्या मास्तरांना खाऊ घालतात तो हामो हा दुसराच मासा. म्हणून यादीत जपानी नाव, साल आणि मिनिटं या तिन्ही गोष्टी लिहायच्या. निर्मितीसंस्थाही लिहावी. ओझूचे बहुतेक चित्रपट शोचिकूचे असले तरी 'मुनेकाता शिमाई' शिन्तोहोचा, 'उकिगुसा' दाएईचा आणि कोहायागावाचा चित्रपट तोहोचा आहे. हे तिन्ही हवे असतील तर परवानगीची दारंही वेगळी. सभासदांपुरत्या खेळांसाठी सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट घ्यावी लागते, त्या अर्जातलं नाव आणि प्रिंटवरचं नाव एकच असू द्या.

आता पडद्याचा आकार, कारण सगळ्यात जास्त वाट इथे लागते. ओझूने शेवटपर्यंत रुंद पडदा वापरला नाही. त्याचे रंगीत सहाही चित्रपट जुन्याच १.३७ : १ (रुंदी : उंची) या चौकटीत आहेत. आपल्याकडच्या थिएटरमध्ये यंत्राची नेहमीची सेटिंग दोन, फ्लॅट (१.८५ : १) आणि त्याहून रुंद स्कोप. पस्तीस एमएम प्रिंट १.८५ च्या प्लेटवर (यंत्रात चित्राची चौकट ठरवणारी पट्टी) चालवली तर उंचीतला चौथा हिस्सा छाटला जातो. ओझूचा कॅमेरा जमिनीजवळ, ५० एमएमची लेन्स, पुढे ताटामीची चटई, मागे बसलेली माणसं, वर दाराची पट्टी. चौथा हिस्सा गेला की वर केस कापले जातात आणि खाली चहाचे पेले गायब होतात. मग ऑपरेटर चेहरे वाचवायला चित्र खाली सरकवतो, आणि ज्या जमिनीसाठी कॅमेरा इतका खाली ठेवला तीच जाते. उपाय एकच: १.३७ ची अ‍ॅपर्चर प्लेट आणि तिला जुळणारी लेन्स आहे का, हे हॉल ठरवण्याआधी विचारा. "अ‍ॅडजस्ट करू" असं उत्तर आलं तर दुसरा हॉल बघा.

डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, असेल तर चित्र फ्लॅटच्या १९९८ × १०८० च्या चौकटीत मधोमध बसवलेलं असतं. प्रत्यक्ष चित्र १४८० × १०८०, दोन्ही बाजूंना २५९ पिक्सेलचा काळा पट्टा. इथे चूक उलट दिशेने होते. "पडदा भरत नाही" म्हणून कुणीतरी झूम करतं. ते करू द्यायचं नाही, उलट बाजूचे काळे पडदे आत ओढून घ्यायला सांगायचं. काळा पट्टा उघडा राहिला तर तो राखाडी दिसतो आणि रात्रीच्या दृश्यात डोळ्याला बोचतो.

लहान हॉलमध्ये, ब्ल्यू-रेवरून रीतसर परवानगीने दाखवताना, आणखी दोन दुखणी. एक, प्रोजेक्टर चित्र ताणून १६ : ९ करतो आणि ओझूची नायिका सेत्सुको हारा हिचा चेहरा भाकरीसारखा रुंद होतो. भिंतीवरचं गोल घड्याळ असलेली फ्रेम थांबवून पट्टीने मोजा. उंची आणि रुंदी सारखी हवी. दोन, स्टुलावर ठेवलेला प्रोजेक्टर वर उचलला की चित्र समलंब होतं. इतर चित्रपटांत हे खपून जातं. ओझूच्या प्रत्येक घरात शोजीची कागदी दारं आहेत, म्हणजे पडद्यावर उभ्याआडव्या रेघांचा आलेखच. दार कललेलं दिसलं की डोकं दुखायला लागतं. कीस्टोनच्या, म्हणजे तिरपं चित्र सरळ करणाऱ्या, बटणाने सुधारू नका, त्याने रेघा दातेरी होतात. प्रोजेक्टरच पडद्याच्या मध्यरेषेवर आणा.

फोकससाठी वेगळा तक्ता शोधायला नको, ओझूने तो देऊन ठेवला आहे. श्रेयनामावलीच्या मागे तो गोणपाट लावतो. गोणपाटाची वीण मधोमध आणि चारही कोपऱ्यांत सारखी स्वच्छ दिसली पाहिजे. मध्ये वीण दिसते आणि कोपऱ्यात नुसता तपकिरी डाग दिसतो, तर लेन्स किंवा गेट (फिल्म जिथून सरकते ती जागा) सरळ बसलेलं नाही. आमच्या चाचणीत वरचा उजवा कोपरा असाच पुसट होता आणि लेन्सचा स्क्रू सैल निघाला. थ्रीडीसाठी रुपेरी पडदा असलेला हॉल टाळलेला बरा. त्यावर मधला भाग जास्त उजळ दिसतो. हलत्या कॅमेऱ्यात ते कळत नाही, पण इथे एकच खोली मिनिटभर समोर असते आणि मध्ये टॉर्च मारल्यासारखा गोळा दिसत राहतो. डीसीपीला पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. जुना झालेला दिवा निम्म्यावर येतो, मग 'लेट स्प्रिंग'मधल्या क्योतोच्या खोलीतला तो फुलदाणीचा शॉट नुसता काळोख होऊन बसतो.

रंगाची परीक्षा लाल रंगाने घ्यावी. ओझूने कोडॅकऐवजी आग्फाची फिल्म घेतली ती लाल रंगासाठीच, आणि मग त्याच्या खोल्यांत कुठे ना कुठे काहीतरी लाल ठेवलेलं सापडतं. ओझूच्याच 'हिगानबाना'तली लाल किटली तर प्रसिद्धच आहे. जुनी रंगीत प्रिंट आली तर निळा-हिरवा उडून सगळं गुलाबी झालेलं असतं. तेव्हा किटली छान दिसते आणि माणसंही किटलीच्या रंगाची. शोचिकूने २०१३ साली आपल्याकडच्या रंगीत चित्रपटांच्या डिजिटल आवृत्त्या नव्याने तयार केल्या, त्या मिळत असतील तर पस्तीस एमएमचा हट्ट सोडावा. 'टोकियो स्टोरी'ची गोष्ट वेगळी. तिची मूळ निगेटिव्ह लॅबच्या आगीत गेली, त्यामुळे जे पाहायला मिळतं ते पुढच्या पिढीच्या प्रतीवरूनच. थोडे ओरखडे, थोडा मऊपणा राहणार. ऑपरेटरने तो फोकसचा दोष समजून रिंग फिरवत बसू नये.

प्रिंट आली तर हातमोजे घालून, रिवाइंड टेबलावर, हळू. 'टोकियो स्टोरी' म्हणजे सुमारे ३,७०० मीटर फिल्म. प्रत्येक रिळाचे जोड मोजून लिहा, फाटकी छिद्रं बघा, डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती प्रिंट यंत्रावर चढवू नका. रिळाच्या टोकांकडे जास्त लक्ष द्या. वर्षानुवर्षं झिजून, कापून तिथलीच फिल्म कमी होते, आणि ओझूच्या रिळाच्या टोकाला बरेचदा रिकामी गल्ली, वाळत घातलेले कपडे, धुराडं असा चारपाच सेकंदांचा शॉट असतो. ऑपरेटरलाही वाटतं, प्रसंग संपला, आता काही नाही, आणि तो चेंजओव्हर, म्हणजे पुढच्या रिळावर जाणं, दोन सेकंद आधी करतो. त्याला सांगावं लागतं की उजव्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या ठिपक्यापर्यंत थांब, पडद्यावर कुणी नसलं तरी.

मूकपटाला वेग आणि गेट दोन्ही विचारून घ्या. मूकपटाची फ्रेम पूर्ण रुंदीची असते. बोलपटाच्या प्लेटवर लावली तर आवाजाच्या पट्टीएवढी डावी कड जाते. १९३२ चा चित्रपट २४ फ्रेम्सच्या वेगाने सुमारे ९० मिनिटांचा होतो. वेग उगाच कमी केला तर पोरांची चाल जड होते आणि विनोद मरतो. जपानमध्ये तेव्हा बेन्शी, म्हणजे निवेदक, पडद्याशेजारी उभा राहून बोलायचा. आपल्याकडे पियानो पुरे. वादकाने चित्रपट आधी दोनदा पाहावा आणि मुलांनी वडिलांना जाब विचारल्यावर पुढची दोन मिनिटं हात मांडीवर ठेवावेत. अगदी शांत मात्र चालवू नका, दीडशे माणसांचा खोकला ऐकू येतो.

डीसीपीची किल्ली, म्हणजे केडीएम, सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर बनते. हॉलने मध्यंतरी सर्व्हर बदलला असेल आणि जुनं प्रमाणपत्र पाठवलं असेल, तर किल्ली येते पण कुलूप उघडत नाही. शिवाय वेळ. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. किल्ली तिथल्या मध्यरात्री संपत असेल तर आपल्याकडे रात्री साडेआठलाच ती मेली, नऊचा खेळ सुरूच होणार नाही. म्हणून आधीच्या दिवसापासून नंतरच्या दिवसापर्यंतची किल्ली मागायची. फायली शंभर-दोनशे जीबीच्या असतात, चढवायला काही तास लागतात. शुक्रवारचं काम गुरुवारी सकाळी.

आवाज एकसुरी, मोनो. तो फक्त मधल्या स्पीकरवर हवा. सर्व्हरवर 'सराउंड'चा कुठलाही उद्योग चालू असेल तर बंद करा, नाहीतर किडे मागच्या भिंतीतून किरकिरतात. नेहमीच्या ७ वर फेडर (आवाज कमीजास्त करायचं बटण) ठेवला तर खरखर वाढते. आम्ही ५ ते ५.५ च्या मध्ये ठेवतो. नेमका किती, हे 'टोकियो स्टोरी'च्या सुरुवातीवर ठरवायचं: ओनोमिचीच्या बंदरातल्या बोटीची टुकटुक शेवटच्या रांगेत, एसी चालू असताना ऐकू आली पाहिजे. येत नसेल तर आवाज वाढवू नका, एसी कमी करा. ती टुकटुक शेवटी परत येते, तेव्हा ती ओळखीची वाटली पाहिजे.

आता मराठी सबटायटल. इंग्रजी असतातच, मग कशाला, असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर: नातीगोती. 'टोकियो स्टोरी'त नोरिको आणि फुमिको या सुना, क्योको धाकटी मुलगी. इंग्रजीत नोरिको आणि फुमिको दोघी एकमेकींच्या 'सिस्टर-इन-लॉ' आणि क्योकोही 'सिस्टर-इन-लॉ'. मराठीत जाऊ वेगळी, नणंद वेगळी, काम एका शब्दात होतं. त्याहून मोठा फायदा तू-तुम्हीचा. सख्खी मुलगी शिगे आईला फटकळपणे बोलते, तिला "अगं आई, तू". विधवा सून नोरिको, जी खरी माया करते, ती "आई, तुम्ही". इंग्रजी 'यू'मध्ये ही दरी बुजून जाते. 'सासूबाई', 'मामंजी' आम्ही नाही वापरलं. मूळ जपानीत ती त्यांना आई-वडीलच म्हणते, फक्त आदराने. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ओनोमिचीचा हेल आहे. तो मालवणीत किंवा वऱ्हाडीत आणायचा मोह आवरा, पडद्यावर किमोनो आणि खाली मालवणी हे फार्समध्ये जमा होतं.

'टोकियो स्टोरी'च्या शेवटाकडचा तो संवाद घ्या. आईचे अंत्यविधी झाल्यावर भावंडं लगोलग निघून गेलेली, क्योको चिडलेली. इंग्रजीत ती विचारते, आयुष्य निराशाजनक नाही का, आणि नोरिको हसून हो म्हणते. मूळ शब्द 'इया', नकोसं वाटणं. 'निराशा' हा तिथे भाषणातला शब्द होतो. आमच्या पहिल्या मसुद्यात तोच होता. मग ठेवलं: "कसलं गं हे जग, वहिनी!" आणि उत्तर, "हो ना. सगळं नकोसंच." नोरिकोचं हसू हे शब्द पेलतं.

'ओहायो'त तर मराठी फुकटात मिळते. पोरगा मोठ्यांवर ओरडतो की तुम्ही दिवसभर निरर्थक बोलता. त्याची यादी: शुभ सकाळ, हवा छान आहे, कुठे निघालात, इथवरच, हो का. "कुठे निघालात?" "हे काय, इथवरच." भाषांतर करावंच लागलं नाही. हॉलमध्ये सगळ्यात मोठा हशा इथे.

तांत्रिक बाजू. डीसीपीवर देवनागरी अक्षरांच्या रूपात दिली तर बरेच सर्व्हर जोडाक्षरं फोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला टाकतात. म्हणून प्रत्येक ओळ पीएनजी चित्र करून द्यायची. चित्र अरुंद आहे, तेव्हा ओळीत २८ ते ३० अक्षरं, ओळी जास्तीत जास्त दोन. वर मात्रा, खाली उकार असतात, म्हणून ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सव्वापट धरा. पांढरी अक्षरं शोजीच्या पांढऱ्या कागदावर विरघळतात, बारीक काळी कड हवीच. अक्षरं बाजूच्या काळ्या पट्ट्यात नेऊ नका, तिथे मास्किंगचा पडदा येणार आहे.

ओझू बोलणाऱ्याला समोरून दाखवतो, वाक्य संपलं की श्वासाएवढी जागा सोडतो आणि कट करतो. सबटायटल त्या कटच्या आत संपलं पाहिजे. पुढच्या शॉटवर, विशेषतः रिकाम्या शॉटवर, मागच्या माणसाचं वाक्य लोंबकळलं तर तो शॉट फुकट गेला. वाक्य मावत नसेल तर शब्द कापा. "सो का", "असं होय", "हं" यांना सबटायटल देऊच नका. तिसऱ्यांदा प्रेक्षक ते स्वतःच ओळखतो.

वेगाचा फरक तपासा. सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सच्या डिस्कवर बेतलेली सबटायटलची फाइल २४ च्या डीसीपीला लावली तर 'टोकियो स्टोरी'च्या शेवटी आठ सेकंदांचा फरक पडतो. सुरुवातीची दहा मिनिटं सगळं बरोबर दिसतं, म्हणून चाचणी नेहमी शेवटच्या दहा मिनिटांवर घ्यायची. २५ च्या युरोपी डीव्हीडीवरून केलेली असेल तर १३६ मिनिटांचं साडेएकशेतीस होतं आणि सगळी फाइल नव्याने ताणावी लागते.

प्रेक्षकांच्या हातात अर्ध्या पानाचा कागद हवाच, आणि त्यावर समीक्षा नको, वंशावळ हवी. कारण ओझू तीच माणसं आणि तीच नावं वापरतो. सेत्सुको हारा 'लेट स्प्रिंग', 'अर्ली समर', 'टोकियो स्टोरी' तिन्हींत नोरिको, पण तीन वेगळ्या नोरिको. चिएको हिगाशियामा शनिवारी नट चिशू र्‍यूची आई, रविवारी त्याची बायको. र्‍यू स्वतः एकोणपन्नासाव्या वर्षी सत्तरीचा म्हातारा. कुनिको मियाके दोन्ही दिवशी कोइचीची बायको फुमिको, पण नवरा दुसरा नट. कागदाच्या मागच्या बाजूला एक ओळ माहिती म्हणून टाकली: १९४३ साली ओझूला आझाद हिंदच्या चळवळीवर चित्रपट करायला सिंगापूरला पाठवलं होतं, तो पुरा झाला नाही आणि त्या काळात तो जप्त केलेले हॉलिवूडपट पाहत बसला. मध्यंतरात सगळ्यात जास्त चर्चा या ओळीवर झाली.

दिवे लावणाऱ्याला लेखी सूचना द्या. 'लेट स्प्रिंग'मध्ये बाप सफरचंद सोलतो, मान खाली जाते, आणि इथे दिवे लागतात. अजून समुद्राच्या लाटा यायच्या असतात. पडद्यावर 'समाप्त' अर्थाचं एकच चिनी अक्षर येतं, 終. ते त्याला कागदावर मोठं काढून द्या. ते दिसलं आणि संगीत थांबलं की तीन मोजून दिवे, तेही आधी मागचे.

रविवारी रात्री प्रिंट परत भरताना रीळ उलटं गुंडाळायचं की जसंच्या तसं ठेवायचं हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं, तसंच करा आणि डब्यावर चिठ्ठी लावा. जोडांची वही झेरॉक्स करून सोबत घाला. तिसऱ्या रिळाच्या टोकाला दोन जोड आधीपासूनच होते, हे पुढच्या गावाला कळलं पाहिजे.